‘भिंतीला घासली’ असं मी लिहिणार नाही

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक, कोल्हापूर जिल्हा
आणि
कोल्हापुरात शाखा असलेल्या सर्व वाहन विमा कंपन्यांचे शाखाधिकारी

विषय : उभ्या गाडीला ठोकून पळून जाणाऱ्यांची नोंद आणि त्यापायी होणारा खर्च

महोदय,

अर्ज देऊन झाले, फोन करून झाले, आता हे पत्र चारचौघांत लिहितोय. प्रश्न एकट्या माझ्या गाडीचा असता तर एव्हाना गॅरेजचं बिल भरून गप्प बसलो असतो. निम्मं कोल्हापूर असंच गप्प बसतं.

मी हिशेब लिहिणारा माणूस. उद्यमनगर आणि शिरोलीतल्या चार-दोन कारखान्यांची खाती बघतो. राहायला राजारामपुरीत. घर जुनं, खाली दुकान, गाडी आत घ्यायला जागा नाही. त्यामुळं आमची २०१८ सालची पांढरी गाडी दारासमोर, गटारीला चिकटून, रस्त्याला अडचण होणार नाही अशी उभी असते. पाऊस संपता संपता एका पहाटे भाजीचे क्रेट भरलेला पिकअप गल्लीत मागं घेताना तिच्या मागच्या कोपऱ्यावर आदळला. समोरच्यांच्या कॅमेऱ्यात सगळं आलंय. पिकअप थांबतो, एक पोरगा खाली उतरतो, वाकून बघतो, मग मान वर करून आमच्या खिडकीकडं बघतो आणि पळत जाऊन गाडीत बसतो. पुढची प्लेट चिखलानं माखलेली. एमएच ०९ एवढं दिसतं आणि शेवटचे दोन आकडे. (१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवीन सुरक्षा नंबरप्लेट लावण्यासाठी सगळ्या राज्याला रांगेत उभं केलंत, मीही लावून आलो. त्या प्लेटवरचा चिखल पुसायला कुणाला सांगायचं तेवढं राहिलं.)

सकाळी नऊला पोलीस ठाण्यात गेलो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या ठाण्यात गेलो असतो तरी संवाद हाच झाला असता, असं आता दहा जणांकडून ऐकून झालंय.

“कुणाला लागलंय?”

“नाही.”

“गाडीत कोण होतं?”

“कोणीच नव्हतं साहेब, गाडी उभी होती.”

“मग अपघात कसला ओ? इन्शुरन्स असंल की. घ्या तिथनं.”

विमा कंपनीच्या टोल-फ्री नंबरवरची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, समोरची गाडी पळून गेली आहे ना, मग एफआयआर लागेल सर. परत ठाण्यात. तिथं सांगितलं, कंपनीचं लेखी पत्र आणा, मग बघू. कंपनी म्हणाली, असं पत्र द्यायची आमच्यात पद्धत नाही. तीन दिवस मी या दोन दारांमध्ये चेंडूसारखा टोलवला जात होतो. शेवटी साध्या कागदावर अर्ज लिहिला आणि आवक-जावकच्या टेबलावर पोहोचेचा शिक्का घेतला. फुटेजचा पेनड्राइव्ह सोबत देऊ केला, तो कुणी घेतला नाही. अजून माझ्या खिशात आहे.

खरी गंमत पुढं आहे. क्लेम फॉर्ममध्ये एक रकाना असतो : अपघाताच्या वेळी वाहन चालवणाऱ्याचे नाव आणि लायसन्स क्रमांक. मी लिहिलं, ‘कोणीही नाही, वाहन उभे होते.’ फॉर्म परत आला. चालकाचं नाव रिकामं ठेवता येत नाही म्हणे. मोबाइलवरच्या अॅपमध्ये तर नाव टाकल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही. झोपलेल्या माणसानं स्वतःला चालक म्हणून लिहायचं, तेव्हा कुठं कंपनी त्याला जागा समजते.

गॅरेजचा मिस्त्री माझ्या ओळखीचा, हाताला चांगला. त्यानं माझा चेहरा बघून सांगितलं, “काका, कशाला डोक्याला ताप? रिव्हर्स घेताना भिंतीला घासली म्हणून लिहा. ड्रायव्हर तुम्ही. एफआयआर नको, काय नको. दोन दिवसांत पास.” नुकसान तपासायला कंपनीचा सर्व्हेअर आला, तो तर भला माणूस. फोटो काढता काढता हसून म्हणाला, सगळे असंच लिहितात.

सगळे असंच लिहितात, हे माझ्या डोक्यातून जाईना. म्हणजे कागदोपत्री बघितलं तर आपल्या शहरातल्या भिंती आणि विजेचे खांब रात्रंदिवस गाड्यांना येऊन धडकतायत. शाहूपुरीच्या भिंती, मंगळवार पेठेतले खांब, लक्ष्मीपुरीतली शटरं. पळून गेलेला एकही पिकअप, एकही टेम्पो, एकही दारू पिऊन घरी निघालेला दुचाकीवाला त्या कागदात नाही. उद्या वाहतूक शाखेनं किंवा महापालिकेनं विचारलं की कुठल्या गल्लीत, किती वाजता, कुठल्या प्रकारच्या गाड्या ठोकून जातात, तर तुमच्याकडं उत्तर असणार आहे का? विमा कंपन्यांकडं जे उत्तर आहे ते भिंतींविषयी आहे.

आणि हा खोटेपणा फुकटचा नसतो. त्या फॉर्मखाली माझी सही असते, ‘वरील माहिती खरी आहे’ म्हणून. बारा-पंधरा हजारांच्या कामात ती सही कुणी तपासत नाही. पण पुढं कधी मोठा क्लेम आला आणि कंपनीला नाकारायचा असला, तर खोटं निवेदन हे पहिलं हत्यार तिच्या हातात आपणच दिलेलं असतं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या खतावणीत एक रुपयाचा फरक आला तरी रात्र जागून काढली, त्याला हे जमणार नव्हतं. अडाणीपणा म्हणा हवं तर.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, हिशेब. गॅरेजचा अंदाज १९,३०० रुपये. बंपर ४,६००, मागचा दिवा ३,२००, ठोकाठोकी आणि मजुरी ६,०००, रंगकाम ५,५००. माझी पॉलिसी पूर्ण विम्याची, पण झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी, नाही. प्लास्टिकच्या भागांवर घसारा ५० टक्के, म्हणजे बंपर आणि दिव्याचे ३,९०० माझ्या अंगावर. रंगाच्या बिलातला २५ टक्के भाग रंगाच्या मालाचा धरतात आणि त्याचे निम्मे कापतात, ते सुमारे ६९०. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची वजावट. कंपनी देणार १३,७१० आणि मी ५,५९०. इथपर्यंत माणूस म्हणतो, चालतंय की.

पण नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट? सलग पाच वर्षं एकही क्लेम नसल्यानं माझा ५० टक्क्यांवर गेला होता. एक क्लेम केला की तो शून्यावर येतो आणि परत २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत ५० ला पोचायला पाच वर्षं लागतात. त्या पाच वर्षांत मी जे गमावतो ते जोडा : ५०, ३०, २५, १५, ५. बेरीज १२५ टक्के. माझा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता बोनस वजा करण्याआधी ६,४०० आहे. तो तेवढाच राहील असं धरलं तर ८,००० रुपये गेले. म्हणजे १९,३०० पैकी १३,५९० माझे, कंपनीचे हातात उरणारे ५,७१०, आणि ज्यानं ठोकलं त्याचा खर्च शून्य. हा हिशेब कुणाही शाखाधिकाऱ्यानं माझ्यासमोर बसून खोडून दाखवावा, चहा माझा.

म्हणूनच शहाणा माणूस क्लेमच करत नाही. आणि ज्याच्याकडं नुसता थर्ड पार्टी, दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा आहे, म्हणजे जुन्या गाडीवाले, रिक्षावाले, दुचाकीवाले, त्यांना तर ओन डॅमेज नावाचं दारच नाही.

ठोकणारा सापडला तर तरी सुटका होते का? मंगळवार पेठेतल्या आमच्या एका मित्राच्या उभ्या गाडीवर एका टुरिस्ट गाडीनं येऊन मारलं. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माणसं. ड्रायव्हर थांबला, चूक कबूल केली, पॉलिसीची प्रत दिली. इतका सज्जन माणूस लाखात एक. मित्रानं त्या पॉलिसीवरच्या कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की तुमच्या स्वतःच्या विम्यातून दुरुस्ती करून घ्या, नाहीतर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जा. विमा कंपन्यांत आपसात तसा समझोता असतो, ज्यानं त्यानं आपापल्या ग्राहकाचं भरायचं, एकमेकांकडं मागायचं नाही. कंपन्यांची कागदपत्रांची खटपट वाचते, वकिलाची फी वाचते. ज्याची काहीच चूक नाही त्याचा बोनस मात्र जातो, कारण त्या समझोत्यात त्याला कुणी विचारलेलं नाही.

माझ्यासारख्या १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीवाल्याला १ जून २०२२ च्या दरपत्रकानं थर्ड पार्टीचे ३,४१६ रुपये लावले, वर जीएसटी. सक्तीचा विमा, भरल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्याच पॉलिसीत लिहिलेलं असतं की तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेच्या नुकसानीची साडेसात लाखांपर्यंत जबाबदारी कंपनीची. आमच्या मित्राची गाडी ही मालमत्ता नव्हती काय? ते साडेसात लाख एका बंपरसाठी मिळवायचे तर कसबा बावडा रस्त्यावरच्या जिल्हा न्यायालयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढं, सहा महिन्यांच्या आत, अर्ज करायचा. उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी आपण कोल्हापूरकर कित्येक दशकं भांडलो आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते आणलं. भांडायचा आपल्याला कंटाळा नाही. पण चार हजार सहाशेच्या बंपरसाठी वकील लावणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.

वास्तविक मोटार वाहन कायद्याच्या आजच्या कलम १४९ मध्ये, जे १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे, असं म्हटलंय की अपघाताची माहिती कुठूनही मिळाली की कंपनीनं दावा मिटवण्यासाठी अधिकारी नेमायचा आणि त्याला तीस दिवसांत रकमेचा प्रस्ताव देता येतो. माहिती दावेदाराकडून मिळाली तरी चालते. मित्राचं पत्र ही माहितीच होती. असा अधिकारी कोल्हापुरात कोण आहे, तो कुठं बसतो, हे शाखेच्या दारावर एका कागदावर लावायला किती खर्च येईल?

आता पोलीस खात्याविषयी. त्यांचं एक म्हणणं मला पटतं, ते आधी लिहितो. कुणाला इजा नसेल तर प्रत्येक ओरखड्यावर एफआयआर नोंदवून पंचनामा करायला माणसं आणायची कुठून? नवरात्र, गणपती, जोतिबाची यात्रा, मोर्चे, बंदोबस्त, तेच लोक, तेवढेच लोक. शिवाय मुद्दाम नुकसान केल्याचा गुन्हा लावायला हेतू लागतो आणि पिकअपवाल्याचा तो नव्हता. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकार वाहन चालवण्याचं आहे, पण त्याला माणसाच्या जिवाला किंवा अंगाला धोका दाखवावा लागतो. पहाटेच्या रिकाम्या गल्लीत तो कसा दाखवणार? हे वकील मित्रानं समजावलं तेव्हा माझा राग निम्मा उतरला.

उरलेला निम्मा उतरत नाही, कारण एफआयआर कंपनीला हवी होती, मला नव्हे. मला नुसती नोंद हवी होती. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ लोक समजतात तसं फक्त जखमींसाठी नाही. त्याच्या पहिल्याच ओळीत ‘किंवा तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेचं नुकसान झाल्यास’ असे शब्द आहेत. चालकानं जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात चोवीस तासांच्या आत खबर द्यायची. नाही दिली तर कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१९ मध्ये ही शिक्षा वाढवली, तोवर दंड पाचशे होता. म्हणजे तो पोरगा खिडकीकडं बघून पळाला आणि चोवीस तास गेले, तेव्हा गुन्हा झाला. तो अदखलपात्र असेल, पण अदखलपात्राचीही वही असते ना? नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४ ठाण्याच्या अधिकाऱ्याला ती खबर वहीत लिहायला सांगतं. ‘अपघात कसला ओ’ हा शेरा त्यात कुठं बसतो ते मला सापडलं नाही.

त्याच उभ्या गाडीची दखल खातं एरवी किती झटकन घेतं, तेही बघा. महाद्वार रोडला किंवा बिंदू चौकात पांढऱ्या पट्टीच्या बाहेर चाक गेलं की दहा मिनिटांत क्रेन हजर. फोटो, वेळ, ठिकाण, नंबर, चलन मोबाइलवर. मी त्याच्याविरुद्ध नाही, उलट अजून कडक करा. एवढंच म्हणतो की चुकीच्या जागी उभ्या गाडीचा फोटो काढणारा तोच मोबाइल बरोबर जागी उभ्या आणि ठोकलेल्या गाडीचाही फोटो काढू शकतो.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. उभी गाडी नेहमीच निर्दोष असते असं नाही. ऊस सुरू झाला की राधानगरी रस्त्याला, गगनबावडा रस्त्याला रात्री टायर फुटलेली नाहीतर जू तुटलेली ट्रॉली रस्त्यातच सोडून माणसं जेवायला जातात. मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर, चार दगड आणि एखादी फांदी. सकाळी ट्रॉली जाते, दगड तिथंच. रात्री अशा ट्रॉलीवर मोटारसायकलवाला आदळतो तेव्हा ठोकणारा तो असला तरी दोष उभ्या ट्रॉलीचाही असतो. धोकादायक रीतीनं वाहन उभं करायला मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ मनाई करतं. अशा अपघातात मात्र माणूस गेलेला असतो, म्हणून पंचनामाही होतो आणि २०२२ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणं ४८ तासांत पहिला अहवाल न्यायाधिकरणाकडं जातो. कुणाचा दोष किती, हे ठरतं, कारण नोंद असते. माझं म्हणणं तेच आहे. गाडी कशी उभी होती याची नोंद झाली तर माझी चूकही त्यात येऊ दे. मी गटारीपासून चार फूट लांब लावली असेन तर कापा माझे पैसे.

पोलीस अधीक्षक साहेब, तुमच्याकडं मागणं लहान आहे. प्रत्येक ठाण्यात ‘उभ्या वाहनाला धडक’ असं एक पान ठेवा. त्यात ठिकाण, वेळ, फोटो, फुटेज आहे का, दिसलेला नंबर, गाडीचा प्रकार आणि रंग. दहा मिनिटांचं काम. त्याची शिक्का मारलेली प्रत अर्जदाराला त्याच दिवशी द्या. अर्धा नंबर असला तरी तो, प्रकार आणि रंग जुळवून आरटीओच्या नोंदीतून संशयित गाड्यांची यादी निघते. त्या मालकांना एक नोटीस गेली तरी पुष्कळ, कारण त्या वेळी गाडी कुणाकडं होती हे विचारल्यावर सांगायला मालक मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नं बांधलेला आहे. शंभरातल्या वीस जणांना जरी असा फोन गेला ना, तरी पुढचा पोरगा खिडकीकडं बघून पळायच्या आधी दार वाजवेल.

आणि शाखाधिकाऱ्यांनो, तुमच्या फॉर्ममध्ये ‘वाहन उभे होते, चालक नव्हता’ असा एक चौकोन घाला. हे मुंबईच्या हेड ऑफिसचं काम आहे असं मला सांगितलं गेलं. असेल, पण तिथं कळवायचं काम तुमचं. साध्या डेंटसाठी एफआयआर मागणं बंद करा. मी माझी पॉलिसी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, धंदाच तो. त्यात पोलिसांना ताबडतोब कळवायची अट आहे ती चोरीसाठी आणि गुन्हेगारी कृत्यासाठी. तुम्हाला धडक गुन्हा वाटत असेल तर ठाण्याची पोहोच हेच कळवणं झालं, ती घ्या. फुटेजमध्ये स्पष्ट दिसतंय की गाडी उभी होती आणि मालकाचा काही दोष नाही, तर त्याचा नो क्लेम बोनस मोडू नका. बोनस वाचवणारं जादा कव्हर तुम्ही वेगळे पैसे घेऊन विकताच, म्हणजे ते अशक्य नाही. समोरची कंपनी माहीत असेल तर आपसातलं तुमचं तुम्ही बघा.

माझा क्लेम अजून लटकलेला आहे. चालकाच्या रकान्यात मी दुसऱ्यांदाही ‘कोणीही नाही’ असंच लिहिलंय. परत नाकारला तर आधी तुमच्या तक्रार विभागाकडं, मग पुण्याला विमा लोकपालांकडं जाईन. तिथं वकील लागत नाही आणि फीही नाही, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो.

तोवर गाडी तशीच दारात आहे. गल्लीतली पोरं तिला ‘काकांची पोचट’ म्हणतात. मागच्या दिव्याचे तांबडे तुकडे रस्त्यावरून वेचून एका पिशवीत ठेवलेत, पेनड्राइव्हही त्यातच टाकतो आता. कुणी पंचनाम्याला आलं तर लागतील.

आपला,
राजारामपुरीतला एक वाहनधारक
कोल्हापूर